दाढोबा झोपलेला नाही

भाऊजी,

"वहिनी, दर रविवारी दाढोबाचं वजन करा," असं ट्रेनिंगला जाताना तुम्ही बजावलं होतंत. सरड्याचं कसलं वजन, म्हणून मी हसण्यावारी नेलं. थंडी पडली, दाढोबा खाईना, दगडाखाली जाऊन पडला, तेव्हा तुम्ही सांगितलेली शीतनिद्रा हीच, असं समजून मी निर्धास्त राहिले. आज त्याला किचनच्या काट्यावर ठेवलं. शीतनिद्रेत वजन जेमतेम हलतं ना? तुम्ही चारशे दहा ग्रॅम लिहून गेलात, आज तीनशे चाळीस भरलं. डोळे खोल गेलेत, शी पातळ. ही झोप नव्हे. प्राण्यांचे डॉक्टर "उद्या आणा" म्हणतात, पण मी आजच नेतेय आणि तपासल्याशिवाय तिथून हलणार नाही. तुमची पुतणी छोटीही माझ्याबरोबर आहे. तुमची कॉफीची डबी शीच्या नमुन्यासाठी घेतलीय, शोधू नका.

आणखी एक. नोकरी सुटल्यापासून तुमचा दादाही नुसता पडून असतो, आणि "थकलाय, झोपू दे" असं आपण सगळेच म्हणतोय. आज घरी येऊन बॅग ठेवलीत की आधी आतल्या खोलीत त्याच्याकडे जा. पडदा सरकवा, जवळ बसा, आणि हाक मारल्यावर तो धड बोलतो का, तेवढं बघा.

– वहिनी