गाडीला गोधडी

६ ऑक्टोबर. उणे आठ.
संकल्प: याही हिवाळ्यात गाडी बंद ठेवायची नाही. पहिला बर्फ पडला की आमचं निम्मं याकूत्स्क शहर गाडी एप्रिलपर्यंत झोपवतं. खुशाल झोपवा. मी चोवीस वर्षं चालवतोय. जानेवारीत आमच्या लेकीचं, कुन्नेयचं बाळंतपण. नात असो की नातू, इस्पितळातून घरी येणार ते माझ्याच गाडीतून. तसं जाहीर करून टाकलं. आकुलिना काही बोलली नाही. बायको बोलली नाही म्हणजे पटलं.

९ ऑक्टोबर.
जावईबापूंना धडा दिला. ग्लेब दक्षिणेकडच्या क्रास्नोदारचा, म्हणजे थंडीत छत्री लागते तिथला. नियम तीन. हिवाळ्यात गाडी धुवायची नाही. हँडब्रेक ओढायचा नाही. बाहेर इंजिन बंद करायचं नाही. पठ्ठ्या वहीत लिहून घेत होता. एवढंही लिहून घ्यावं लागतं, यातच सगळं आलं.

२ नोव्हेंबर. उणे एकतीस.
जावईबापूंनी आपल्या गाडीच्या काचांना आतून दुसऱ्या काचा लावल्या. शिवाय लोकरीच्या जाड नमद्याची गोधडी शिवून गाडीवर घातली. आता टाळू भरायची तेवढी राहिली. तुमच्या गाडीलाही शिवू का, म्हणून विचारत होता. मी हसलो. मला साध्या काचा पुरतात. बर्फ खरवडतो, व्यायाम होतो.

२१ नोव्हेंबर. उणे एक्केचाळीस.
मेहुण्याकडे गोठलेल्या माशाचे काप खायला गेलो. इंजिन जरा बंद केलं, पाचच मिनिटं. मासा चांगला होता, पाचाची चाळीस झाली. मग ग्लेबने दोरी बांधून ओढत आणलं. त्याला सराव हवाच होता. गाडी दोन दिवस गरम गॅरेजात. विश्रांती सगळ्यांनाच लागते.

१४ डिसेंबर. उणे सत्तेचाळीस, धुकं.
हँडब्रेक ओढला गेला आणि गोठून बसला. उतार होता, दुसऱ्या कोणीही ओढला असता. आकुलिना म्हणाली, मागची चाकं फिरत नाहीयेत. मी म्हटलं, पुढची फिरतायत ना. हिला नेहमी वाईट तेवढंच दिसतं. घसरत घसरत घरी पोचलो.

११ जानेवारी.
नात झाली! तीन किलो चारशे. कुन्नेयला ग्लेबनेच नेलं, मला कळवलं मागाहून. असो. नेतं कोणीही. आणणं महत्त्वाचं.

१५ जानेवारी, सकाळ. उणे एकोणपन्नास.
आज आणायचं. गाडीला बांधायच्या फिती तयार आहेत. पण नातीसाठी असली काजळी धरलेली गाडी? शोभत नाही. धुवून आणली. नियम आहे, पण तो नवख्यांसाठी. धुणारा म्हणाला, तासभर आत सुकू द्या. आमच्याकडे हवा एवढी कोरडी, तास कशाला? उगाच गिऱ्हाईक अडवून ठेवतात. गाडी काय दिसतेय! अंगणात चालू ठेवून चहाला वर आलो.

दुपारी बारा.
चारही दारं गोठली. किल्ली आत. इंजिन झकास चालू आहे. केटलीभर उकळतं पाणी ओतलं. आता आणखी चमकते. खाली शेजारी जमलेत. यांना कामं नसतात. एक वाजता इस्पितळात पोचायचंय.

संध्याकाळ.
ग्लेबच्या गाडीतून गेलो. येताना कुन्नेय आणि बाळ मागे, मी पुढे. काचांतून बाहेरचं स्पष्ट दिसत होतं. मी हातमोजे काढले, मागे वळून हात नेला तर नातीने माझं बोट धरलं.

रुमाल शोधायला समोरचा खण उघडला. आत ती वही. पहिल्या पानावर सुबक अक्षरात, ‘सासऱ्यांचे नियम. एक: हिवाळ्यात गाडी धुवायची नाही.’ खाली दुसरा, तिसरा. प्रत्येकासमोर रोजच्या खुणा, ऑक्टोबरपासून आजपर्यंत, एकही चुकलेली नाही.

ग्लेबने पाहिलं. थट्टा करत असता तर बरं झालं असतं. पण तो मनापासून म्हणाला, “प्रोकोपी येगोरोविच, अजून काही राहिलं असेल तर सांगा. लिहून घेतो.”

मी वही मिटून परत खणात ठेवली.

माझी गाडी अजून अंगणात चालूच आहे, फिती दारात ठेवल्यात. पेट्रोल संपलं की बंद पडेल, मग एप्रिल. ग्लेब आपली गोधडी तिच्यावर घालू का, असं विचारत होता. मी नको म्हटलं नाही.