भिंतीवरच्या काचा

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. आम्ही दोघं खुशाल आहोत. तू नगरसेवक झालास आणि टेकडीवरची आमची गल्ली तुला दिसेनाशी झाली. मतं मागायला आला होतास तेव्हा माझ्या घरी दोनदा जेवलास, आता नदीपल्याड शहरात बसून पत्रावर भागवतोस. असो, पत्र तरी येतं.

पाण्याचं तेवढं बघ रे. लहान होतो तेव्हा आई खालच्या नळावरून हंडे आणायची, आता मी आणते. कंबर साफ बोलायला लागली आहे. टाकीचं तू सांगत होतास त्याचं घोडं कुठे अडलंय?

दुसरं एक. आपल्या घरामागे टेकडी धरून ठेवणारी जी दगडी भिंत आहे, तिला वरून खाली भेग गेली आहे, तुला ठाऊकच आहे. मागच्या वर्षी तुमच्या पालिकेच्या माणसांनी त्या भेगेवर काचेच्या आडव्या पट्ट्या सिमेंटने बसवल्या. कशाला म्हणून विचारलं, तर साहेबांना विचारा म्हणाले, आणि साहेब काही पुन्हा फिरकले नाहीत. त्यातली एक परवा मधोमध तडकली आणि शेजारच्या मुलीचं बोट कापलं. तुझ्या दाजींचं तर माहीतच आहे, जन्म काचेच्या दुकानात गेला, तडकलेली काच दिसली की त्यांना जेवण जात नाही. कुणाला तरी पाठव.

जेवणाच्या वेळा पाळ. माया आहेच, ती पत्रावाचून आटू देऊ नकोस.
तुझी ताई

ता. १३ फेब्रुवारी

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
पत्र मिळालं, बोलणीही मिळाली. दोन्ही जपून ठेवली आहेत.

पुढच्या महिन्यात सर्वसाधारण सभा आहे आणि तीन मोठे विषय आहेत. बाजारातल्या हातगाड्या उठवून मैदानात न्यायच्या की नाही, यावर माझं मत न्याव्यात असं आहे, शिव्या खाव्या लागल्या तरी. रस्त्यावरचे दिवे खासगी माणसाकडे द्यायला मी विरोध करणार. आणि तिसरा विषय तुझा, टेकडीवरची टाकी. जागा एकच आहे, तुझ्या घराच्या बरोबर वरचं सपाट मैदान. शेजारच्या वॉर्डातल्या मॅडम अडून बसल्यात की आधी खालची भिंत तपासा, एवढं वजन ती पेलेल का ते बघा. अगं, ती भिंत आपल्या आजोबांच्या आधीपासून उभी आहे! यांना फक्त माझ्या कामात काडी घालायची आहे.

म्हणून सांगतो, त्या काचेचा बोभाटा करू नकोस. भेगेत पाणी शिरू नये म्हणून लावली असेल, दुसरं काय? तू अर्ज दिलास की तो मॅडमच्या हाती लागलाच म्हणून समज, आणि टाकी गेली आणखी दोन वर्षं. दाजींनाच सांग ना नवी बसवायला. काच घरची, कारागीर घरचा. माझ्या वॉर्डात फुटक्या काचा दिसायला नकोत.

दाजींना नमस्कार. रागावलीस तरी चालेल, विसरू नकोस.
तुझा धाकटा

ता. २ मार्च

चि. धाकट्यास,
आशीर्वाद. तुझ्या सांगण्याप्रमाणे दाजींनी पट्टी बदलली. तुमच्या माणसांपेक्षा सुबक बसवली, जुनं सिमेंट खरवडून, कडा घासून. आठवड्याने तिच्या खालची तडकली, मग वरची. आता दर रविवारी हे शिडी आणि काच कापायचा हिरा घेऊन मागे जातात आणि तडकलेल्या बदलून येतात. गल्लीतले लोक हसतात, म्हणतात, मेहुणा नगरसेवक आणि दाजी पालिकेचे बिनपगारी नोकर. यांना मात्र त्यात अभिमान आहे. धाकट्याची मान खाली जायला नको, म्हणतात.

पण एक सरळ लिहिते, मला भीती वाटते. मागचं दार लागेनासं झालंय. यांनी रंधा मारून सारखं केलं, चार दिवसांत पुन्हा घासायला लागलं. भिंतीच्या बुडाशी गढूळ पाणी झिरपतं, आणि पाऊस तर कुठेच नाही. दुपारी गल्ली निजली की मागून बारीक कटकट ऐकू येते. हे म्हणतात, भिंत म्हातारी झाली की कुरकुरणारच, तू नाही का कुरकुरत. मी हसले, पण पलंग ओढून पुढच्या खोलीत आणला.

एखाद्या जाणत्या माणसाला घेऊन येऊन जा. टाकी मला हवी आहे, पण मन खात राहतं. अजून तरी तुझ्यावर भरवसा आहे, तो वाया जाऊ देऊ नकोस.
तुझी ताई

ता. २५ मार्च

ती. सौ. ताईस,
सा. न. वि. वि.
पेढे खा, नाहीतर मी येईन तेव्हा मला खायला घाल. टाकी मंजूर! आमचे इंजिनिअर, ज्यांना आम्ही फुटपट्टी म्हणतो कारण ती कायम त्यांच्या खिशातून डोकावत असते, मागच्या आठवड्यात तुझ्याकडे येऊन गेले ना? तू चहा दिलास म्हणत होते. तडकलेल्या काचांचा विषय काढला नाहीस, बरं केलंस. सभेत ठणकावून म्हणाले, भिंत मी डोळ्यांनी पाहिली, केसभर हललेली नाही, काचा तर कालच बसवल्यासारख्या आहेत. मॅडमचं तोंड बंद झालं आणि सगळे हात वर गेले. दाजींनीच बसवल्यात हे माझ्या अगदी ओठांवर आलं होतं, पण गिळलं. टेंडरशिवाय बाहेरच्या माणसाने काम केलं म्हणून मॅडमनी तेवढंच धरून ठेवलं असतं. आता तरी तुझी भीती गेली ना? साहेबांनीच सांगितलं म्हटल्यावर माझ्याही मनातलं गेलं.

लोखंडी टाकी आहे, सुटे पत्रे आणून वर जोडतील, म्हणजे लवकर उभी राहील. १४ एप्रिलला सकाळपासून पहिल्यांदा पूर्ण भरणार आणि दुपारी उद्घाटन. मागच्या वेळी हातगाड्यांच्या गर्दीत पाहुण्यांची गाडी अडकून आमची शोभा झाली होती, म्हणून या वेळी टेकडीखालच्या चौकात सकाळपासून दोरी लावायची, पाहुण्यांशिवाय एकही गाडी वर सोडायची नाही, असा प्रस्ताव मीच मांडला. बघशील कसा थाट असतो ते! नळाचं पहिलं पाणी तुझ्या ओंजळीत.

दाजींना सांग, काचा त्या दिवशी चकचकीत हव्यात. आशीर्वाद असू दे, सध्या त्यावरच चाललंय.
तुझा धाकटा

ता. १४ एप्रिल, सकाळी दहा

ताई,
मायना लिहीत बसत नाही. हे पत्र आमच्या ड्रायव्हरकडे देतोय, वाचताक्षणी दाजींना घेऊन घराबाहेर पड. कपडे, भांडी, काही घेऊ नका. खालच्या चौकात जा आणि जाताना गल्लीतल्या प्रत्येक दारावर थाप मारा.

आत्ता फुटपट्टींबरोबर चहा घेत होतो. सगळं मार्गी लागलं म्हणून मी मजेत सांगितलं की काचांचं श्रेय आमच्या दाजींना, दर रविवारी फुटलेल्या बदलतात. त्यांनी कप खाली ठेवला. पुन्हा विचारलं, फुटलेल्या? मी हो म्हणताच ते उठून उभे राहिले आणि काचा कशासाठी असतात ते सांगितलं.

ताई, त्या काचा भेग झाकायला नव्हत्या. भिंत सरकते आहे का ते कळावं म्हणून लावल्या होत्या. सरकली की काच तडकते, तेवढ्यासाठीच ती असते. भिंत दोन महिने सांगत होती आणि आपण दर रविवारी तिचं तोंड पुसत होतो. बदलायला मीच सांगितलं. दाजींना बोल लावू नकोस.

पंपघरातला फोन कुणी उचलत नाही, सगळे समारंभाला गेलेत. आम्ही दोघं तिकडेच निघालोय, वर चढणारं पाणी तिथूनच बंद होतं आणि मी समोर उभा राहिल्याशिवाय ते कुणी करणार नाही. म्हणून स्वतः येत नाही. ड्रायव्हरला सांगितलंय, गाडी थेट तुझ्या दाराशी ने.

ताई, निघ.
धाकटा

ता. १४ एप्रिल, सकाळी

चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. दुपारी तू येशील तेव्हा गर्दीत बोलणं व्हायचं नाही, म्हणून चिठ्ठी लिहून ठेवते, हळूच तुझ्या खिशात सरकवीन.

उजाडल्यापासून वर पाणी चढतंय. पाइपाचा आवाज घरात ऐकू येतो. इतकी वर्षं हंडे वाहिले, आज तो आवाज ऐकून डोळ्यांत पाणी आलं. आई असायला हवी होती. साहेबांनी सभेत सांगितलेलं तू कळवलंस तेव्हापासून मी मनातली भीती काढून टाकली आहे, पलंगही पुन्हा मागच्या खोलीत नेला.

दाजींची मात्र सकाळपासून तारांबळ. काचा पुसायला म्हणून मागे गेले, तर एकूण एक तडकलेल्या! ऐन समारंभाच्या दिवशी! धाकट्याचे पाहुणे काय म्हणतील, म्हणत चहासुद्धा न घेता नव्या कापायला बसले. तीन बसवून झाल्या. चौथी म्हणे हातातच असताना टिचली.

खाली चौकात तुझी दोरी अगदी कडक आहे हं. मघापासून पालिकेचीच एक गाडी तिथे उभी राहून सारखा भोंगा वाजवतेय. ड्रायव्हर खाली उतरून हातातला कागद नाचवतोय, पण पोलीस काही ऐकत नाही. मी खिडकीतून पाहून हसले. म्हटलं, बघा, आमच्या धाकट्याचा हुकूम, पालिकेच्या गाडीलासुद्धा सूट नाही.

हे शिडीवरून हाका मारतायत, काच खालून धरायला माणूस हवंय. जाते. नळाला पहिलं पाणी आलं की तुझ्यासाठी पेला भरून ठेवीन. माया आहे तशीच आहे, तू वेळेवर ये म्हणजे झालं.
तुझी ताई