नीट बोल, दिपू

कामोठे,
शुक्रवार, ११ जुलै २०२५

सौ. किशोरीवहिनीस,
सा. न. वि. वि.

हे पत्र तुझ्या लेकीच्या दप्तरातून गव्हाणला येत आहे. फोनवर तू आणि मी बोलायला लागलो की दादाच मध्ये उत्तरं देतो, म्हणून आपली ही जुनी सोय बरी. आपल्या पोस्टमनला अजून जोडाक्षरं येत नाहीत, तेव्हा मोकळेपणाने लिही.

दिपिका माझ्याकडे आणि पहिलीतही छान रुळली आहे. घरी मी आत्या आणि वर्गात बाई, हे तिला आता बरोबर कळतं. सुरुवातीला तिच्या ‘आमी’ आणि ‘हाय-नाय’ला मुलं हसायची. मग मी युक्ती काढली. दिवसभरात एकही गावठी शब्द आला नाही, तर शाळा सुटताना मनगटावर पेनाने तारा काढायचा. लवकर बघशील!

तू हसशील, पण मी विसरलेले नाही. डी.एड.ला असताना पहिल्याच पाठात माझ्या तोंडून ‘नाय’ गेलं आणि पुढे वर्षभर मुली मला ‘नायबाई’ म्हणत होत्या. माझ्या भाचीच्या वाट्याला ते यायला नको.

आईला नमस्कार. लोभ आहेच, पण सुकट पाठवलीस तर आणखी वाढेल.

तुझी,
अंकिता

•

गव्हाण,
रविवार, २० जुलै २०२५

चि. अंकिता हिस,
अ. उ. आशीर्वाद.

सुकट पाठवली आहे. तुझ्या शेजाऱ्यांनी नाकं मुरडली तर त्यांनाही वाटीभर दे, गप्प बसतील.

तुझी मडम शनिवारी आली ती दोन्ही मनगटं पुढे करूनच. तारे बघून तुझे दादा इतके फुगले की विचारू नकोस. मीही खोटं कशाला बोलू, मलाही बरं वाटलं. मी दहावी झाले तरी बँकेत तोंड उघडायची लाज वाटते. हिचं तसं व्हायला नको.

दोन गोष्टी मात्र मनात आल्या. पाण्याची बाटली मी भरून दिली होती, तशीच भरलेली परत आली. आणि पोरीने घरात पाय ठेवल्या ठेवल्या तांब्याभर पाणी घटाघटा संपवलं. दुसरं म्हणजे दोन वर्षांनी अंथरूण ओलं केलं. बोलतेही कमी. सासूबाई म्हणाल्या की पोरगी पावण्यासारखी बसलेय.

जरा लक्ष दे. रागावू नकोस, आईचं मन आहे.

माया आहे ती अशीच राहो.

वहिनी

•

कामोठे,
शुक्रवार, १ ऑगस्ट २०२५

सौ. वहिनीस,
सा. न. वि. वि.

उगाच काळजी करतेस. शाळेत फिल्टरचं पाणी आहे, म्हणून बाटली भरलेली राहत असेल. घर बदललं की या वयाची मुलं अंथरूण ओलं करतातच, माझ्या वर्गात अशी चार आहेत. संध्याकाळी सहानंतर पाणी देऊ नकोस, आपोआप थांबेल. मीही इथे तेच करते.

आणि आनंदाची बातमी! दिपूचा तारा सलग तीन आठवडे चुकलेला नाही. मुख्याध्यापिका वर्गावर आल्या होत्या, म्हणाल्या की इतकी शांत आणि शिस्तीची मुलगी पहिलीत पाहिली नाही. माझी मान किती ताठ झाली म्हणून सांगू. घरीसुद्धा अगदी शहाण्यासारखी एका जागी बसते.

आता दादाला म्हणावं, लेक डॉक्टरीण होणार, पैसे साठव.

आहे तो जिव्हाळा जप.

अंकिता

•

गव्हाण,
रविवार, २४ ऑगस्ट २०२५

चि. अंकितास आशीर्वाद.

दिपूला पाठवत नाही. महिन्यात तिसऱ्यांदा ताप आला आहे आणि या खेपेला थंडी वाजून. कमरेत दुखतं म्हणून कुशीवर वळून रडते, पण आवाज करत नाही. उद्या मी आणि तुझे दादा तिला पनवेलला मोठ्या डॉक्टरांकडे नेणार आहोत. त्यांनी विचारलं तर सांगायला हवं म्हणून तुला विचारते. शाळेत ती लघवीला जाते का? पाणी पिते का? तू बाई आहेस, तुला ठाऊक असेल.

दादांच्या हाती पत्र देते आहे, त्यांच्याच हाती उत्तर दे.

किशोरी

•

कामोठे,
शुक्रवार, ५ सप्टेंबर २०२५

सौ. वहिनीस,
साष्टांग नमस्कार.

तुझ्या प्रश्नाचं उत्तर मी त्या दिवशी दिलं नाही, कारण मला ते ठाऊक नव्हतं. सगळ्यात मोठी लाज हीच. पस्तीस मुलांत माझ्या घरचं मूल उठून बाहेर जातं की नाही, हे मी पाहिलंच नव्हतं.

दादाने डॉक्टरांचं सगळं सांगितलं. पाणी प्यायचं नाही, लघवी दिवसभर धरून ठेवायची, त्याने जंतू वर चढले आणि उजव्या किडनीवर डाग पडला. दिपू तुझ्या कानात काय बोलली तेही त्याने सांगितलं. मना नीट बोलाया येत नाय, आणि चुकलं तं तारा जातो.

आता मी आठवून सांगते ते तू वाच. जूनमध्ये ती उभी राहून म्हणाली होती की मना तान लागली. वर्ग हसला. मी तिला पाणी प्यायला सोडलं नाही. ‘बाई, मला तहान लागली आहे, मी पाणी पिऊन येऊ का’ हे वाक्य तीन वेळा म्हणायला लावलं. तिला तो ‘ह’ येईना. तिसऱ्यांदा ती खाली बसली आणि पुन्हा कधी उठलीच नाही. मी समजले, सुधारली. तारे मी तिच्या गप्प बसण्याला देत होते वहिनी. आणि वर तुला सांगत होते की संध्याकाळी पाणी देऊ नकोस.

आज शिक्षकदिन. मुलांनी मला गुलाब दिले, ते घेताना मेल्याहून मेल्यासारखं झालं. आता मी दर तासाला सगळ्यांना न विचारता बाहेर सोडते. माझ्या दिपूसाठी त्याचा काय उपयोग?

लोभ ठेव असं लिहायची माझी लायकी नाही.

अंकिता

•

गव्हाण,
रविवार, १२ ऑक्टोबर २०२५

चि. अंकितास आशीर्वाद.

शिक्षकदिनाचं आणि त्यानंतरची दोन, तिन्ही पत्रं मिळाली. उत्तर दिलं नाही, कारण पेन धरलं की शिव्याच सुचायच्या. आता तेवढंही बळ उरलेलं नाही.

डाग जायचा नाही असं डॉक्टर म्हणाले. रोज औषध, तीन-तीन महिन्यांनी सोनोग्राफी, दर दोन तासांनी तिला उठवून न्यायचं. ते मी जन्मभर करीन. तुला एकटीला दोष देत नाही. माझ्यासारखं तिने बोलू नये म्हणूनच मी तिला तुझ्याकडे धाडली होती. माझं बोलणं मलाच नकोसं होतं.

पण ती बोलत नाय गं. त्या दिवशी दवाखान्यात कानात बोलली तेवढंच. पाणी हवं असलं की माठाजवळ जाऊन उभी राहते, कुणाचं लक्ष जाईपर्यंत. परवा सासूबाईंनी तिला मांडीवर घेतलं आणि रडत म्हणाल्या, बाय माजी, तुला येल तसा बोल, कोन काय नाय बोलनार. तिने झटकन आजीच्या तोंडावर हात ठेवला आणि दाराकडे बघत राहिली. आजी चुकीचं बोलतेय, तू ऐकशील, म्हणून. आता सासूबाई बोलायला लागल्या की ती रोज तेच करते.

भाऊबीजेला येऊ का, असं विचारलंस. नको येऊ. तुझे दादाच तुझ्याकडे ओवाळून घ्यायला येतील. तू घरात असलीस तर पोरीला दिवसभर आजीचं तोंड धरून बसावं लागेल.

तुझी वहिनी,
किशोरी