दादाचं मशीन बंद कसं करायचं

ती. वहिनींना,

धाकट्या दिराचा साष्टांग नमस्कार. गुडघा काय म्हणतो? माझी पाठ खुर्चीशी भांडून बसली आहे, बाकी ठीक.

दादाची कामाची खोली या महिन्यात रिकामी करायची आहे, तर त्याचं मशीन बंद कसं करू, असं तुम्ही विचारलंत. सांगतो. पण हल्ली मला सरळ उत्तर देता येत नाही, कारण तो गेल्यापासून त्याच्या प्रोग्रॅमबद्दल जगभरातून येणाऱ्या शंका माझ्या गळ्यात पडल्या आहेत. (प्रोग्रॅम म्हणजे काय, तर इथून एक ओळ लिहायची, ती दूरच्या मशीनवर जाऊन चालते आणि लगेच उत्तर येतं. मग पुढची ओळ. आम्ही दोघं दोन गावांत राहून एकच काम करायचो, म्हणून त्याने बनवला. नंतर ‘घ्या, वापरा, हवा तसा बदला’ म्हणून जगाला फुकट दिला. त्यावर तुम्ही त्याला पुरेसं ऐकवलेलं आहे, मी भर घालत नाही.)

शंका त्याच त्या. उत्तर येत नाही, काय करू? (पलीकडचं मशीन चालू आहे का बघा. नसतं.) जोडणीला पासवर्ड नसला तर चालेल का? (तुम्ही घराचं दार सताड उघडं टाकून झोपता का?) एका गृहस्थाने आपलंच मशीन समजून ऑफिसच्या मशीनवरच्या फायली पुसल्या आणि वर मलाच खडसावलं. चोराच्या उलट्या बोंबा. मी त्यांनाही नम्रपणे उत्तर दिलं, दादा द्यायचा तसं.

सगळ्यात जास्त विचारतात ते हे: चालत्या मशीनला नुसत्या ओळी लिहून जे शिकवलं, ते मशीन बंद केल्यावर राहतं का? राहत नाही. फाईलमध्ये उतरवलं नसेल तर गेलं. हे उत्तर मी डोळे झाकून देतो.

आता दादाच्या मशीनचं. कामाच्या नादात मी जेवण विसरायचो, म्हणून दादाने मशीनला शिकवलं होतं की मी जोडणी केली की विचारायचं, ‘जेवलास का?’ ‘नाही’ लिहिलं (कुणीही लिहो) की येतं, ‘ऊठ मग. काम कुठे पळून जात नाही.’ हे त्याने फाईलमध्ये कधीच उतरवलं नाही. (लोका सांगे ब्रह्मज्ञान.) मी रोज इथून जोडणी करतो आणि जेवलेलो असलो तरी ‘नाही’ लिहितो. तेच वाक्य मला पुन्हा लिहिता येईल, पण मग मीच मला जेव म्हणणार. वहिनी, मला त्याची फार आठवण येते.

तुमचा,
(जेवलेला) धाकटा दीर

ता. क. बंद करायला विशेष काही नाही. पुढचं गोल बटण दिवा विझेपर्यंत दाबून धरायचं.

ता. क. २. दाबण्याआधी एकदा त्याच्यासमोर बसा आणि ‘नाही’ लिहा. तुम्ही दुपारचं जेवण सोडलंय, असं शेजारच्या काकू सांगत होत्या. तो काय म्हणतो ते वाचा आणि आधी दोन घास खाऊन घ्या. बटण कुठे पळून जात नाही.