‘सगळं ठीक’ छापणारी शेवटची ओळ

ती. आयलीमावशीस,

सायमीचा साष्टांग नमस्कार. इकडे आम्ही सगळे खुशाल. तळ्याकडून बर्फ येतोय आणि आम्ही तो बाजूला सारतोय, म्हणजे नेहमीचंच. तुझी तब्येत कशी आहे हे विचारायची रीत आहे म्हणून विचारते. (उत्तर देऊ नकोस, मला पाठ आहे. ‘ठीक.’ आणि लगेच फोन ठेवल्याचा आवाज.) शनिवारी आर्वो बर्फ सारायची गाडी घेऊन तुझ्या रस्त्याने गेला होता. म्हणाला, शनिवार म्हणजे वाफेच्या आंघोळीचा वार, तरी तुझ्या सौनाच्या धुरांड्यातून धूर नव्हता. म्हटलं, बाई लवकर आटोपून बसली असेल. तो काही बोलला नाही, पण आर्वो तसाही कधी बोलतो!

पत्राचं खरं कारण मात्र तक्रार आहे. तू निवृत्त झालीस, केक खाल्लास, आणि आमच्या डोक्यावर तुझ्या त्या शेल स्क्रिप्ट, म्हणजे संगणकाला द्यायच्या हुकुमांच्या याद्या, ठेवून गेलीस. त्यातली सकाळची तर विचारूच नकोस. ठिकठिकाणचं बर्फाचं माप गोळा कर, जास्त बर्फ तो रस्ता वर अशी यादी लाव, यादी चालकांना पाठव. वरून खाली नुसते हुकूम. कशासाठी काय केलंय याचा एका शब्दाने खुलासा नाही. सगळ्या स्क्रिप्टमध्ये तुझी टीप एकच: ‘याला हात लावू नका.’ अगं, तू इथे होतीस तोवर ठीक होतं, पण तुझ्यामागे आम्ही काय उदबत्ती लावायची का तिला?

तर डुएनने (साहेब झाला तरी अजून नाकात बोलतो) हे काम माझ्या गळ्यात मारलं. मी म्हटलं, रस्टमध्ये करते. त्याचा चेहरा बघायला हवा होतास! “अगं बये, सगळा हिवाळा आपण रस्त्यावर मीठ टाकायचं, सगळा उन्हाळा गाड्यांचा गंज खरवडायचा, आणि तू तो गंज हौसेनं ऑफिसात आणणार?” ते संगणकाच्या एका भाषेचं नाव आहे हे पटवण्यात माझी अख्खी दुपार गेली. अजूनही तो कुणाला सांगताना ‘सायमीची ती गंजकी भानगड’ असंच म्हणतो.

या भाषेचा स्वभाव अगदी तुझ्या उलट. इथे फंक्शन, म्हणजे एकेका कामाचा तुकडा, लिहायचं तर आधी कबुली द्यायची, की मी अमुक प्रकारची गोष्ट घेईन आणि तमुक प्रकारची परत देईन. काम बिघडण्यासारखं असेल तर तेही तिथेच कबूल करायचं: एक तर रस्त्यांची यादी देईन, नाही तर का देता आली नाही ते सांगेन. तिसरं काही चालत नाही. आणि फंक्शनला हाक मारणाऱ्यानेही दोन्हींची सोय केली नसेल तर लिहिलेलं तपासून घेणारा कंपायलर दारातच अडवतो. (आपल्या घराण्यात असा एक जरी माणूस जन्मला असता तर निम्म्या गोष्टी वेळेवर कळल्या असत्या. आजोबांचं घर विकलं हे मला घर घेणाऱ्याकडून कळलं.) तुझी स्क्रिप्ट मी मोडली नाही हो, तेवढा धीर नव्हता मला. फंक्शनने तिला नुसती हाक मारायची, तिने आपलं काम करायचं आणि शेवटी एक आकडा परत द्यायचा. शून्य आला तर फत्ते, दुसरं काहीही आलं तर बोंब. हे ऐकून डुएन म्हणाला, “शून्य म्हणजे पास? मग गणिताच्या बाईंनी मला उगाच घरी पाठवलं म्हणायचं!”

एवढं सगळं झाल्यावर गेल्या आठवड्यात काय व्हावं? रात्रभर बर्फ पडला आणि सकाळी आमच्या गाड्या निघाल्या त्या थेट कालच्या रस्त्यांवर. मुलांच्या उन्हाळी शिबिराचा रस्ता, जिथे आत्ता चिटपाखरू फिरकत नाही, तो आर्वोने घासूनपुसून लख्ख केला. आदल्या दिवशीही त्यानेच केला होता. मी विचारलं, “अरे, साफच होता ना तो? मग?” तर म्हणे, “यादीत होता.” इकडे डुएनच्या दारात त्याच्या गाडीच्या आरशापर्यंत बर्फ. तो फोनवरून काय काय बोलला ते मी लिहीत नाही, तू चर्चला जाणारी बाई. आणि माझं फंक्शन? छाती पुढे काढून सांगत होतं: शून्य. फत्ते.

मग बसले खोदत. झालं होतं असं, की ऑफिसातला जुना संगणक बदलला आणि बर्फाची मापं नव्या जागी जाऊ लागली. तुझ्या स्क्रिप्टच्या पहिल्या हुकुमाला जुन्या जागी काही सापडलं नाही. तो आपला कोपऱ्यात पुटपुटला आणि गप्प बसला. दुसऱ्याने कालचीच मापं उचलून यादी लावली. तिसऱ्याने ती इमानेइतबारे पाठवली. आणि तुझी शेवटची ओळ काय करते, मावशी? पडद्यावर ‘सगळं ठीक’ एवढं छापते. बस. स्क्रिप्टचा आकडा म्हणजे तिच्या शेवटच्या ओळीचा आकडा, आणि ‘ठीक’ छापायला काय लागतं? ते कधी चुकतच नाही. वर घर जळत असलं तरी खाली शून्य. माझं फंक्शन बिचारं खोटं बोललं नव्हतं, त्याच्या कानात जे सांगितलं तेच त्याने पुढे सांगितलं.

मापांची नवी जागा तिला दाखवलीच, पण खरा उपाय म्हणशील तर एका ओळीचा. स्क्रिप्टच्या डोक्यावर लिहायचं, की पहिलं जे बिनसेल तिथेच थांब, पुढे रेटू नकोस. लिहिलं. आता ती कुरकुरते, मध्येच अडते, डुएन शिव्या घालतो, पण काय बिघडलंय ते कळतं. तुझ्या ‘हात लावू नका’च्या वरच ती ओळ घातली आहे, रागावू नकोस.

बाकी सर्व क्षेम. मांस-बटाटा भरलेल्या पास्ट्या, त्या आपल्या मोठ्या करंज्या, करून ठेवल्या आहेत, तुला आवडतात तशा जास्त सलगम घालून. कळावे, लोभ आहेच.

तुझी भाची,
सायमी

ता. क. तक्रार-बिक्रार काही नाही गं. आर्वोला आज पुन्हा विचारलं, तेव्हा तो चक्क तीन वाक्यं बोलला. धूर त्याच्या आधीच्या शनिवारीही नव्हता. तुझ्या दारापासून सौनापर्यंत बर्फात एकही पाऊल उमटलेलं नाही. आणि हे त्याला ठीक वाटत नाही. मावशी, मला भीती वाटते. तुझी शेवटची ओळ मला नको, तिच्या वर काय काय झालं ते सांग. उत्तर दोनच प्रकारचं चालेल: बरी असशील तर शनिवारी धूर दिसू दे, बरी नसशील तर कुठे दुखतंय ते सांग. नुसतं ‘ठीक’ आलं तर मी ते घेणार नाही.

ता. ता. क. राहवेना म्हणून आत्ताच तुला फोन केला. तू ‘ठीक’ म्हणालीस, पण फोन ठेवला नाहीस. मीही ठेवला नाही. मग तू म्हणालीस की सौनाच्या पायरीवरून घसरले, पाऊल टेकवत नाही, स्कीची काठी घेऊन घरातल्या घरात फिरते, ‘बाकी ठीक’. बाकी ठीक म्हणे! धन्य आहेस. हे पत्र आता टपालात टाकत नाही, हातात घेऊनच येते, पास्ट्यांसकट. तुझा रस्ता आजच्या यादीत तळाला होता, तो डुएनने स्वतः पेनाने खोडून सगळ्यात वर लिहिला. पुढे आर्वोची गाडी, मागे माझी. दाराला आतून कडी असली तर असू दे, आर्वो खिडकीतून शिरेन म्हणतो. तू उठू नकोस.