एबीएसचा बल्ब

दादा,

खालच्या मजल्यावरच्या अक्षदाला विकलेली गाडी आज तिच्या ताब्यात देऊ नकोस. चावी मी लॅबला घेऊन जातेय.

सकाळी गाडी पुसायला खाली गेले होते. चावी फिरवली तर मीटरवरचे सगळे दिवे पेटले, ब्रेकच्या एबीएसचा तेवढा पेटला नाही. धडधाकट गाडीत प्रत्येक दिवा आधी पेटून मग विझतो, हे मला तूच शिकवलंस. विसरलास? मीटर उघडला, तर त्या दिव्याचा बल्बच नव्हता. तो तुझ्या ड्रॉवरमध्ये सापडला.

बल्ब परत बसवला. मॅन्युअलमध्ये दाखवल्याप्रमाणे केसांच्या पिनेने तपासणीच्या सॉकेटची दोन टोकं जोडली आणि दिवा किती वेळा लुकलुकतो ते मोजलं. आधी तीनदा, मग थांबून एकदा: मॅन्युअलमधला एकतीस नंबरचा बिघाड. म्हणजे पुढच्या उजव्या चाकाचा सेन्सर गेलाय आणि एबीएस बंद आहे. ओल्या घाटात अक्षदाने जोरात ब्रेक दाबला तर चाकं जाम होतील आणि गाडी घसरेल. उद्या ती याच गाडीने कणकवलीला निघणार आहे. मागे तिची दोन्ही मुलं बसणार आहेत.

शिवडीच्या गॅरेजमध्ये सेन्सर अर्ध्या दिवसात बदलून मिळाला असता. तू दिवाच काढून टाकलास.

तिला सात वाजता वर बोलावलंय. दादाला गाडीबद्दल काहीतरी सांगायचंय, एवढंच म्हटलं. ती हसून म्हणाली, "अगं, हितेंद्रदादाची गाडी म्हणजे बघायलाच नको!"

सात वाजता तू तिला खरं सांगितलं नाहीस, तर मी सांगेन.

नूपुर