वाघ शिवारात, अन् सरपंच मी

३ नोव्हें., सोम.
शोभा गेली. देवरावची बायको. नाल्याकाठच्या वावरात कापूस वेचत होती, बाकी बाया थोड्या पुढं. वाघानं मागून धरलं. बायांनी ओरडून ओरडून सोडवलं, पण तोवर...
मी पोचले तेव्हा लोकांनी वनखात्याची गाडी अडवलेली. सगळे माझ्याकडं पाहून राह्यले. सरपंच होऊन वर्ष नाही झालं. नळ, नाल्या, दाखले, एवढंच येतं मला.
वाघाचा बंदोबस्त होईस्तोवर बॉडी उचलू देणार नाही, असं देवराव म्हणत होता. रेंजर सा. मला बाजूला घेऊन म्हणाले, दोन दिवसांत पिंजरा लावतो, तुम्ही सांगा, तुमचं ऐकतील. मी जाऊन सांगितलं. देवराव गाडीपुढून उठला. मग म्हणाला, "बाई, तुमी म्हणता म्हणून उचलतो."

४ नोव्हें.
शोभाला माती दिली. त्यांच्या घरच्या बाया आपसात गोंडीत बोलत होत्या, रडत होत्या. मला एक अक्षर कळलं नाही. नुसती बसून राहिले. शोभाच्या पोरीनं उठून माझ्यासाठी चहा आणला. तिची आई गेलेली, अन् चहा मला.

६ नोव्हें.
पिंजरा नाही. फोन लागत नाही. दुपारी स्वतःच ऑफिसात गेले. रेंजर सा. वाईट माणूस नाही. वाघ पकडायची परवानगी वरून यायची आहे म्हणाले. माझ्या हाती असतं तर कालच आणला असता, ताई, असंही म्हणाले. खरंच वाटलं मला ते. पण आता गावात जाऊन हेच सांगायचं?

७ नोव्हें.
ग्रामसभा. काय ते खरं सांगून टाकलं. पिंजरा कधी येईल ते मले माहीत नाई, माझ्या हातात नाई. कोणी शिवी दिली नाही. दिली असती तर बरं वाटलं असतं. देवराव मागं बसला होता. उठून निघून गेला.
नंतर नामदेवमामाजींनी, जुन्या सरपंचांनी, ओट्यावर बोलावलं. "सूनबाई, पुढाऱ्यानं आपलं भ्याव घरी ठिवून याव लागते. तू सभेत घेऊन आली."
मी म्हटलं, मंग खोटं सांगू का? एकदा सांगून बसलो. ते म्हणे खोटं नको, पण लोकांच्या हाताले काई काम दे, नाईतर डोकं फिरते त्यायचं.
काय काम देऊ?

९ नोव्हें., रवि.
कापूस फुटून बोंडांतून लोंबतोय. आर्वीच्या मार्केटात सगळ्यांचा माल पडू लागला, आमच्या गावचा झाडावरच. वावरात जायला एक बाई तयार नाही, त्यांचं काय चुकलं?
कमलाबाईकडं गेले. शोभाला सोडवायला ती पहिली धावली होती. म्हटलं, वेचणीचं काय करायचं? ती माझ्याकडं न बघता म्हणाली, "तू येतं का आमच्यासंगं? पंचायतीत बसून आमाले नको सांगू."
हो म्हणून बसले. घरी ह्यांना सांगितलं. हे धड जेवले नाहीत.

१० नोव्हें.
गेले. साऱ्या जणी एकाच वावरात; रोज एकेकाच्या वावराची पाळी, असं ठरलं. माणसं काठ्या घेऊन बांधावर, डबे वाजवत. माझी नजर सारखी नाल्याकडं, बोंडाची टोकं बोटांत घुसून राह्यली.
कमलाबाईनं विचारलं, भेतं का. हो म्हटलं. "मंग बरं हाय," म्हणे, "मले वाटलं, मी एकटीच."
मामाजी भ्याव घरी ठेवायला सांगतात. ही म्हणते बरं हाय. कोणाचं धरू?

१३ नोव्हें.
पिंजरा आला. आत बकरी बांधली. देवराव लांबून पाहून गेला.

१६ नोव्हें.
वाघ पिंजऱ्याकडं फिरकलाच नाही. आज त्याचे ठसे नाल्यापलीकडच्या गावात सापडले. चौकात कोणी म्हणालं, बाईनं वाघ पळवला. लोक हसले. मलाही क्षणभर हलकं वाटलं. मग लाज वाटली.
देवरावला सांगायला गेले. तो खाटेवरून उठला नाही. म्हणाला, "तिकडंबी कोनाची तरी बायको वेचत असन."

१७ नोव्हें.
पलीकडच्या गावच्या सरपंचबाईचा फोन. माझ्याहून लहान, बाळंतपणातून नुकतीच उठलेली. एरवी तिचा नवरा बोलतो, आज स्वतः. तिच्याकडं बाया घरी बसल्यात. पिंजरा लवकर पाठवा म्हणाली.
रेंजर सा. उद्या सकाळी न्यायला येणार. अन् इथं गावानं ठरवलंय, पिंजरा हलू द्यायचा नाही. वाघ परत आला तर? मी म्हटलं, तिकडं आता जास्त गरज आहे. कमलाबाईच म्हणाली, तीच कमलाबाई, "तू आमची सरपंच का त्यायची?" मामाजींकडं पाहिलं. ते तंबाखू मळत राहिले.
उद्या सगळे पिंजऱ्यापुढं बसणार. मला मधोमध बसवणार म्हणतात. गाडीपुढं मी बसले तर ती पोरगी तिकडं काय करील? नाही बसले तर परवा माझ्यासोबत वावरात कोण येईल?
तिला परत फोन लावला. म्हटलं, सकाळी सांगतो.
तिनं विचारलं, किती वाजता?